आबांच्या इंजिनाचं धुराडं

बार्शीहून सकाळची एसटी धरली तेव्हा माझ्या मांडीवर खोक्यात पुठ्ठ्याचं इंजिन होतं आणि डोक्यात राग. राग आबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर. आमच्याकडच्या छोट्या गाडीच्या इंजिनावर ते फायरमन होते, भट्टीत कोळसा मारायचे. ते इंजिन कधीच भंगारात गेलं. काचबिंदूनं आबांची नजर गेली तेव्हा मी ठरवलं, त्यांना हातात धरता येईल असं ते इंजिन करून द्यायचं. चित्रकलेची मास्तरीण आहे मी, एवढं तरी यायलाच हवं.

नकाशे कुठेच मिळाले नाहीत. एक जुना फोटो तेवढा होता आणि रुळांमधलं अंतर माहीत होतं. त्यावरून मापं काढून आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. आबांनी चाकांवरून, बॉयलरवरून बोटं फिरवली आणि धुराड्यापाशी थांबले.

"हे उंच झालंय. आणि वर हे गळू कसलं?"

"फोटोत आहे ते. ठिणग्या उडू नयेत म्हणून जुन्या इंजिनांना अशी फुगीर टोपी असायची."

"मग हे दुसऱ्या कुणाचं तरी इंजिन असेल," म्हणाले आणि नमुना बाजूला सारला. पुन्हा हात लावला नाही. मला फार लागलं ते. शेवटी म्हटलं, त्या इंजिनाचे ड्रायव्हर कासमचाचा कोपरखैरण्याला मुलाकडे राहतात, त्यांनाच विचारू.

गाडीत कंडक्टरनं खोक्याकडे बघून विचारलं, "काय आहे बाई यात?"

"इंजिन."

"मग ते येईल की मागनं आपलं आपण," म्हणाला आणि सगळी गाडी हसली. मीही हसले. राग पुण्यापर्यंत बराच उतरला होता.

पनवेल सोडलं आणि खाडीचा खारट वास खिडकीतून आत आला. वाशीला उतरून रिक्षा केली. कोपरखैरण्यात सगळी घरं एका साच्यातली. "सेक्टर बोला ना मॅडम," रिक्षावाला वैतागला, "नावानं इथं कोन नाय सापडत." लिहून आणलेला सेक्टर चुकीचा निघाला, म्हणून मी नाव सांगत होते. नव्या रुळांचं काम चाललं होतं तिथे एक म्हातारे गृहस्थ हात मागे बांधून उभे दिसले. तेच कासमचाचा. निवृत्त ड्रायव्हर संध्याकाळी दुसरीकडे कुठे असणार.

त्यांच्या घरी जुबेदाचाचींनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं (बारीक सुक्या कोळंबीचं) कालवण वाढलं. मी दोनदा मागून घेतलं. मग फोटो काढला. चाचांनी तो खिडकीपाशी नेला.

"खंडेनवमीचा हाय हा. त्या दिवशी भट्टी थंड. इंजिन धुवायचं, झेंडू चढवायचा. पन टोपीबिपी नव्हती आमच्या गाडीला. ह्ये काय हाय ते कळत नाय."

चाची भांडी घेऊन आत चालल्या होत्या. चाचांच्या खांद्यावरून त्यांनी फोटोत डोकावलं.

"माजी कळशी हाय ती. इंजिनशेडातली गळत होती म्हनून तुमीच नेलीत ना पूजेला."

झेंडू, आंब्याची पानं आणि नारळाखाली झाकलेली कळशी. जन्मभर दर खंडेनवमीला शाळेतल्या रंगपेट्या पुजणारी बाई मी, आणि मला पूजेचा कलश ओळखू आला नाही. कप्पाळ माझं. आबांचं खरं होतं, आणि मी त्यांना पुस्तकातलं सांगत बसले होते.

कळशी अजून होती. नळाला पाणी नसलं की तिच्यात भरून ठेवतात. पितळी, पोटावर अंगठ्याएवढा पोचा.

"तुज्या आबानं पाडली उतरवताना," चाचा म्हणाले. "पुढं कितीतरी दिवस आमच्या दारावरनं मान खाली घालून जायचा."

"मी कधी बोलले का त्याला?" चाची म्हणाल्या.

"नाय बोललीस, म्हनून तर भ्यायचा."

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कळशी समोर आहे, म्हणजे तिचं खरं माप घेता येईल आणि त्या प्रमाणात फोटोतल्या, तिच्या खालच्या धुराड्याचंही! चाचींची शिवणाची टेप घेतली. नव्या मापात धुराडं चांगलंच बुटकं निघालं.

दुसऱ्या दिवशी चाचांचा मुलगा सलीम मला पावण्याच्या एमआयडीसीत घेऊन गेला. तिथल्या एका शेडमध्ये तो लेथवर काम करतो. माझ्या आकृतीवरून त्यानं पितळी धुराडं कातलं. उरलेल्या तुकड्यातून बोराएवढी पोकळ कळशी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही आमच्याकडून अंकलला," म्हणाला.

परतीची गाडी घाट चढेपर्यंत ती कळशी मी मुठीतच धरून होते.

घरी आल्यावर नवं धुराडं बसवून इंजिन आबांच्या मांडीवर दिलं. त्यांची बोटं वर चढली, थांबली, परत खाली आली. मग मी ती कळशी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती चिमटीत फिरवली. एकदा, मग पुन्हा.

"जुबेदाभाभींची," म्हणाले. आणि तिच्या पोटावरून बोट फिरवत, "पोचा कुठंय?"

"नवी आहे आबा."

"अडकित्ता दे."

अंगठ्यानं जागा चाचपून त्यांनी अडकित्त्याच्या दांड्यानं कळशीच्या पोटावर हलकेच ठोकलं. पुन्हा चाचपलं. मग कुणाचा हात न घेता ती धुराड्यावर बरोबर नेऊन ठेवली.

"हां," म्हणाले, "आता ही आपली गाडी."