आपांच्या चकत्या

लेसरखाली सिरॅमिकची चकती तडकली की आम्हा सगळ्यांचे चेहरे पडायचे. आपांचा हलायचाही नाही. तुकडे कागदात बांधून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ठीक हाय. दुसरी लाव." नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत काहीजण त्यांना कोरड्या स्वभावाच्या समजत.

आपा म्हणजे थोरली बहीण, आम्ही त्यांना तसंच म्हणायचो. त्या उदगीरच्या. मी कंधारहून संशोधनाला आले तेव्हा त्यांच्याच टेबलाशी मला जागा मिळाली. यंत्रांत वापरायचं सिरॅमिक पोलादाहून कठीण असतं, पण ठिसूळ. बारीक चीर पडली की आरपार जाते. वरून लेसर फिरवून त्याला चिवट करता येईल का, हे आम्ही दोघी बघत होतो. पण लेसरची आचच चकत्या फोडत होती.

लेसरही आमचा नव्हता. लातूरला धातूवर नावं कोरून देणारा एक कारखाना रविवारी बंद असे. मालकाशी बोलून आपांनी त्याचं यंत्र तेवढ्यापुरतं मागून घेतलं होतं. लातूरच का, हे मला पुढे कळलं. शनिवारी तिथे त्यांचं डायलिसिस असायचं, रात्री मुक्काम खालाकडे, म्हणजे मावशीकडे. मी आडून विचारलं, तर म्हणाल्या, "ते मशीन त्याचं काम करून राहिलं. आपण आपलं करू." पुन्हा मी विषय काढला नाही.

चकती आधी तापवून घ्यायची कल्पना त्यांचीच. आमच्या मार्गदर्शक सरांना ती पटली नव्हती. आपांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "गार पडलेल्याला एकदम आगीत ढकलतो आपण. आधी शेकू तर द्यावं." पुढच्या रविवारी त्यांनी लेसरखाली छोटी विजेची शेगडी ठेवली. त्या दिवशी एकही चकती तडकली नाही. आपा हसल्या नाहीत. मला चहा पाजला, स्वतः दोनच घोट घेतले. त्यांना पाणी मोजून प्यावं लागे.

चिवटपणा मोजायचा राहिला होता, कारण नांदेडचं मोजणी यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. दरम्यान आपांना बसवायची त्यांच्या भावाची किडनी जुळत नाही, असा निकाल आला. ते ज्या आवाजात आपांनी सांगितलं, त्याच आवाजात बसची वेळ विचारली.

दिवाळीच्या सुट्टीत आपा वारल्या. मी सरांबरोबर उदगीरला गेले. त्यांच्या अम्मींनी माझा हात धरून ठेवला. मला रडू आलं नाही.

यंत्र दुरुस्त होऊन आलं तेव्हा चकत्या मीच लावल्या. हिऱ्याचं टोक दाबलं की खड्ड्याच्या कोपऱ्यांतून चिरा निघतात, त्या सूक्ष्मदर्शकातून मोजायच्या; चीर जितकी आखूड, तितकी चकती चिवट. साध्या चकतीवर त्या लांब गेल्या. आपांच्या चकतीवर थोड्या अंतरावर थांबल्या. मी पुन्हा मोजलं. तेच आलं. आनंद झाला असावा. मला कळला नाही.

संध्याकाळी त्यांच्या भावाला फोन केला आणि जमेल तसं समजावलं. त्याने विचारलं,

"म्हंजे चांगलं झालं का?"

"हो. चांगलं झालं."

"बरं," तो म्हणाला. "अम्मीला सांगतो."