होडीचे नवे दिवे

बाळादादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, होडीला एलईडीच्या पट्ट्या लावल्यापासून माझं डोकं फिरलंय. लग्नाचा मांडव समुद्रात सोडल्यासारखा नुसता लखलखाट.

काल दिवेलागण झाल्यावर आम्ही खाडीत शिरत होतो. टेकडीवरच्या देवळाचा दिवा आणि धक्क्यावरचा दिवा एकावर एक आले की वाट मोकळी, खडक बाजूला राहिले असं आमच्याकडे समजतात. कालच्या उजेडात त्यातला एकही दिसेना. पायाखालचं खवलं न् खवलं दिसत होतं, गाव मात्र नाहीसं झालं होतं.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"नवे आहेत रे," दादा म्हणाला.

आमचं सगळं असंच. पायापुरता झगझगाट करायचा आणि लांबचं दिसेनासं झालं की समुद्राला नावं ठेवायची.

तेवढ्यात डाव्या हाताला, अगदी जवळ, खडकावर पाणी फुटलं. दादाने बटण दाबलं. काळोखात डोळे स्थिरावले, तसे ते दोन मिणमिणते दिवे हळूहळू दिसू लागले. त्यांच्या आधाराने धक्क्याला लागलो.

होडी बांधून होताच दादाने पुन्हा बटण दाबलं. "बघ," तो धक्क्यावर वाट बघत उभ्या असलेल्या वहिनीला म्हणाला, "आता रात्रीचं कसं सगळं दिसतं."