साहेबांच्या पंख्याखालची सायकल

पायी पाच मिनिटांच्या वाटेला जीप कशाला लागते, सांगाल? आमचे पाथरीचे साहेब बंगल्यावरून जीपनेच येतात आणि कचेरीची एकुलती एक शेड तिलाच देतात. आमचा एक कारकून मात्र खेड्यातून सायकल हाणत येतो. चहा मागतानाही तो ‘सविनय विनंती की’ म्हणतो. उन्हात उभ्या सायकलीची ट्यूब फुटली की दुसऱ्या दिवशी तो पायी येतो, आणि साहेब लेटमार्क लावतात. चौथ्या लेटमार्कनंतर त्यानं सायकल थेट साहेबांच्या पंख्याखाली लावली.

“बाहेर काढा ती,” साहेब म्हणाले.

“सविनय विनंती की, सावली कुठं हाय तेवढं दाखवा, साहेब.”

सावली होती, पण तिच्यात जीप होती. सायकल संध्याकाळपर्यंत हलली नाही.

तुमच्या हाताखालची माणसं सायकलीवर येत असतील, तर त्यांना लेटमार्क लावण्याआधी छप्पर घालून द्या.