दीपमालाच्या गाडीवरचे प्रश्न

जवाहरनगरच्या बाजारात दीपमालाने हॉट डॉगची गाडी लावली, तेव्हा सुरुवातीला खाणारे कमी आणि विचारणारेच जास्त. कुत्र्याचं तर नाही ना? डुकराचं असतं म्हणतात? कच्चंच देता का? एकाने तर साल काढून द्या म्हटलं, जणू केळंच. दीपमाला न चिडता सांगायची: नाव तेवढं कुत्र्याचं, मांस कोंबडीचं, कारखान्यातून शिजूनच येतं, आपण तव्यावर वाफ निघेपर्यंत गरम करायचं. माझ्याने एवढा धीर धरवला नसता.

एका प्रश्नाला मात्र ती घाबरायची: हे भरतात कशात? गावी, करडीला, तिची आई मालनबाई बोकडाच्या आतड्यात खिमा भरायची. शाळेत एकदा दीपमालाने तो डबा उघडला आणि शेजारच्या मुली उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. त्यानंतर तिने तो पदार्थ तोंडाला लावला नाही. आईने कारण विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं.

गाडी चालू लागली तशी मदतीला आईच आली. मागे खाली बसून कांदा चिरायची. एका संध्याकाळी क्वार्टरमधल्या मंजुषाताई मुलाच्या वाढदिवसाची ऑर्डर द्यायला आल्या. कॉलनीत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी नेमकं तेच विचारलं.

"हे आतड्यातलं नाही राहत, ताई," दीपमाला म्हणाली. "कारखान्यात वेष्टणात शिजवते, मंग ते काढून टाकते."

मालनबाईला राहवलं नाही. "पण खरी चव आतड्यातच, बाई! मी त मिठानं घासून घासून धुतो. खिमा भरला, दोरा बांधला, का निखाऱ्यावर. हे त्याचंच लेकरू हाये."

मंजुषाताईंनी मान वर केली. दीपमालाला ती नजर शाळेतलीच वाटली.

"कामाले ठेवली हाये तिले," ती घाईघाईने म्हणाली. "आमच्या घरी नाही खात कोणी असं."

विळीवरचा हात थांबला. मग कांदा पुन्हा चिरला जाऊ लागला.

आणि मंजुषाताई चक्क हसल्या. "अवो, माझे बाबा मोहाडीच्या बाजारातून मुद्दाम आतडी आणत! किती वर्षं झाली खाऊन. या बाईले रविवारी आमच्या घरी पाठवता का?"

दीपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "बाई नाही, ताई... माय हाये ते माझी."

गिऱ्हाइकासमोर पोरगी खोटी पडते आहे, हे मालनबाईने ओळखलं. "या ताईचं असंच हाये," ती हसत म्हणाली. "कामावरच्या बाईलेही मायच म्हणते. लय चांगलं मन हाये तिचं."

"किती गुणाची आहेस गं!" मंजुषाताई म्हणाल्या, तेही गाडीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. दीपमाला मान खाली घालून स्वच्छ तवाच पुसत राहिली. मला विचाराल तर, कोणी तोंडावर थुंकलं असतं तरी तिला एवढी लाज वाटली नसती.

रविवारी मालनबाई धुतलेलं पातळ नेसून निघाली. दीपमालाने स्कूटी काढली. "बस माय, मी सोडून देतो."

"राहू दे," मालनबाई म्हणाली. "कामवालीले सोडाले मालकीण येते का?"