स्वखुशीनं नाही

"आधी खड्डा बुजवा."

माझ्या आईसाठी खोदलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवून तो म्हणाला. आई शवपेटीत होती. पेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ट्रॉली उन्हात.

बोलणारा परका नव्हता. आमच्याच गल्लीतला, खत-बियाण्यांचा दुकानदार. कालपर्यंत मला अहो-जाहो करायचा. माझी मुलगी त्याला काका म्हणायची. त्याच्यामागे किती माणसं होती, ते सांगता येणार नाही. जन्मभर मी हिशेबाची कामं केली, पण त्या दिवशी मान वर करून मोजता आलं नाही. म्हणून आकडा सांगत नाही.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं आमचं गाव. ख्रिस्ती घरं सहा. ओढ्याकाठची चार गुंठे जागा कागदोपत्री आमची दफनभूमी. तिथं माझे वडील आहेत. त्यांच्या डाव्या हाताची जागा आईनं स्वतःसाठी धरून ठेवली होती. नाताळाआधी कबरीला चुना लावताना ती त्या जागेवरचं गवतही उपटायची. "इथं कुणाला घुसू देऊ नको बरं," म्हणायची आणि हसायची.

"ह्या गावात आता क्रूस न्हाई, पादरी न्हाई, गाणं न्हाई," दुकानदार म्हणाला. "उद्या सगळं गाव बाटवाल."

"दादा, आई मेलीय. ती कुणाला बाटवणार?"

मागं कुणीतरी हसलं.

शेजारचे अप्पा लिंगायत. सकाळी कुदळ घेऊन तेच खोदायला आले होते. ते पुढे झाले. "अरे, आमीबी मेलेल्याला मातीच देतो की. येवढं काय त्यात?"

"तुमची गोष्ट येगळी, अप्पा. तुमी आपले. जावा घरी."

अप्पा घरी गेले नाहीत. पण कुदळ उचलून बाजूला सरकले.

पोलीस आले. साहेब नम्रपणे बोलले. तेच जास्त लागलं. "कशाला वाढवता? लातूरला तुमची मोठी दफनभूमी आहे. गाडीची सोय मी करतो."

साहेबांसमोर जमावातल्या पोरांनी फावड्यांनी खड्डा भरला. आईच्या आधी तिच्या रिकाम्या खड्ड्याला मूठमाती मिळाली. मी हात जोडून उभा होतो. जोडलेले हात कुणी पाहिलेच नाहीत.

बायको कानाशी म्हणाली, "अहो, चला. ऊन चढलंय. त्यांना असं किती वेळ ठेवायचं?"

तिचं बरोबर होतं. मी ट्रॉलीत चढलो.

तेव्हा दुकानदारानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "बोल. स्वखुशीनं लातूरला न्यायलोय. गावाबद्दल तक्रार न्हाई. येवढं बोल अन् जा."

साहेब म्हणाले, "म्हणून टाका हो. एका वाक्यानं काय होतं?"

जागा सोडली होती. गाणं सोडलं होतं. आईला घेऊन निघालो होतो. तरी ह्यांचं भागलं नव्हतं. खड्डा त्यांनी बुजवला होता, पण तो मीच बुजवला असं माझ्या तोंडून हवं होतं.

"स्वखुशीनं नाही," मी म्हणालो. "तुम्ही हाकलता म्हणून नेतोय. आणि माझी तक्रार आहे."

त्यानं मोबाइल खाली घेतला. "परत गावातच येशील ना?"

आई लातूरला आहे. अनोळखी माणसांच्या रांगेत. तक्रार तहसीलला दिली, जिल्ह्याला दिली. पोहोच मिळाली, उत्तर नाही. सहा घरं आता रविवारी खिडक्या लावून प्रार्थना करतात. गीतं ओठातल्या ओठात.

यंदा नाताळाआधी मी चुन्याची बादली घेऊन ओढ्याकाठी गेलो. एकटाच. वडिलांची कबर रंगवली. मग डाव्या हाताच्या जागेवरचं गवत उपटायला बसलो.

दुकानदारानं रस्त्यावर गाडी थांबवली. "आता कुणासाठी रे?"

"माझ्यासाठी."

मुलीला सांगून ठेवलंय. मला लातूरला न्यायचं नाही. तिच्याही तोंडासमोर मोबाइल धरतील. काय म्हणायचं, ते तिला पाठ आहे.