कमानीवरच्या तीन पट्ट्या

मनकर्णाबाईच्या पुलावर गवताची काडी दिसायची नाही. नवरा गेल्यावर ती वडसा-कुरखेडा रस्त्याच्या गँगमध्ये लागली, आणि नाल्यावरचा जुना दगडी कमानीचा पूल तिच्या वाट्याला आला. घरापेक्षा लख्ख ठेवायची त्याला.

त्या पुलावरून सहा टनांच्या वर गाडी न्यायची नाही, असा फलक होता. लाकूडवाल्यांना तो खुपत होता. म्हणून चौपन्न साली इंजिनिअर साहेब आले. कमानीचा गाळा, माथ्याच्या दगडाची जाडी, वरचा भराव, सगळं मोजलं. कमानीच्या पोटाला एक भेग होती, तिच्यावर आडव्या चुन्याच्या तीन पट्ट्या मारल्या, खिळ्यानं तारीख कोरली आणि गेले. कशासाठी, ते सांगायची कोणाला गरज वाटली नाही.

वर्षानं परत आले, वाकून पाहिलं. पट्ट्या अखंड, तारीख तीच.

"भेग जुनी आहे, हलत नाही," साहेब ओव्हरसियर गुणवंतरावांना म्हणाले. "बारा टन लिहा. तो ट्रक सोडा."

पलीकडे कमरुद्दीन ड्रायव्हर सागाचे ओंडके लादून उभाच होता. त्यानं गिअर टाकला.

गुणवंतराव खुशीत आले. "पाहा साहेब, आमच्या बाईनं पट्टीले धक्का लागू देला नाई!"

"कसा लागू देईन, भाऊ?" मनकर्णा फुलली. "दर महिन्याले तडकते ते. तडकली का मी खरडून नवी लिपतो. आकडेबी तसेच कोरतो जी. वाचता येत नाई, पण पाहून काढतो."

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "ट्रक थांबवा!" ओरडत ते धावले. पुढची चाकं पुलावर चढली होती. कमरुद्दीननं करकचून ब्रेक दाबला.

"या अल्ला! आत्ताच तर सोडा म्हनलं ना, साहेब?"

"मागे घे! हळू!"

ट्रक मागे सरकला. मग गुणवंतराव मनकर्णावर तुटून पडले. "अक्कल हाये का तुले, बाई?"

"तिला कोणी सांगितलं होतं?" साहेबांनी विचारलं.

मनकर्णाला काही कळेना. "म्हंजे ते फुटावी म्हनूनच लावली होती, जी?"

"हो. ती फुटली की पूल हलतोय, हे आम्हाला कळतं."

बारा वेळा पुलानं सांगितलं होतं, आणि बाराही वेळा तिनं आपल्या हातानं त्याचं तोंड लिपलं होतं.

त्या दिवशी फलकावर बारा नाही, दोन लिहिले गेले. कमरुद्दीनचे ओंडके बैलगाड्यांत भरायला खाली उतरले.