गोदाम उघडेना

"मॅडम, अजून कुठे शोधायचं? सगळा बाजार पालथा घातला!" श्रुती वैतागली होती. मी पुस्तक पुन्हा चाळलं. गोदामाची किल्ली कुठे आहे, हे त्यात कुठेच छापलेलं नव्हतं.

खेळांची पुस्तकं तपासणं हा माझा व्यवसाय. टेबलाभोवती बसून खेळायचे हे खेळ. एक जण गेम मास्टर होतो, पुस्तक फक्त त्याच्या हातात. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, अधूनमधून फासे पडतात. अशा एका कथेला ॲडव्हेंचर म्हणतात.

केदारने लिहिलेलं 'उलटा तराजू' हे ॲडव्हेंचर तेव्हा गाजत होतं. मार्केट यार्डात भुतांचा लिलाव चालू आहे, गोदामात एक हमाल कोंडलाय, उजाडायच्या आत त्याला सोडवायचं. ऑनलाइन कौतुक ऊतू चाललं होतं. त्या जोरावर केदारने हिंजवडीतल्या नोकरीचा राजीनामा दिला होता. नोटीस पिरियड संपत आला होता. दुसरा भाग काढावा का, हे ठरवण्यासाठी प्रकाशिका मेधाताईंनी पहिला भाग माझ्याकडे पाठवला.

मी नुसतं वाचून मत देत नाही. अनोळखी लोकांना घेऊन खेळते. लेखकाने हवं तर बसावं, तोंड उघडू नये. म्हणून त्या रविवारी आम्ही वारज्याला माझ्या हॉलमध्ये जमलो होतो. गेम मास्टर मी, खेळाडू श्रुती आणि तिचे तीन मित्र, आणि कोपऱ्यात केदार.

"दार फोडतो," एक जण म्हणाला.

मी वाचून दाखवलं, "हे दार कोणत्याही बळाने फुटत नाही."

केदारला राहवेना. "अहो, लिलाव पुकारणाऱ्या आडत्याच्या आईच्या अंबाड्यात बघा ना!"

"पान?" मी विचारलं.

त्याने पुस्तक ओढून घेतलं. पुढून चाळलं, मागून चाळलं.

"हे मी नेहमी तोंडी सांगतो. प्रत्येक चाचणीला गेम मास्टर मीच होतो ना..."

पण खरा धक्का पुढेच होता. "मग विकत घेणाऱ्यांनी काय केलं?" असं म्हणत श्रुतीने मोबाइलवर सगळे अभिप्राय उघडले. चित्रं सुंदर, भाषा सुंदर, कागद सुंदर. खेळलो, असं एकानेही लिहिलं नव्हतं!

मेधाताईंना लगेच फोन केला. "वाचायला उत्तम. खेळता येत नाही."

"अहो, काय बोलताय? आवृत्ती संपलीय!"

"हो ना. कपाटात छान दिसत असेल."

केदारने पुस्तक मिटलं. "मॅडम, आता घरी काय सांगू?"

"राजीनामा मागे घेतोय म्हणून सांगा. आधी ऑफिसात विचारा."

त्याचं नशीब, कंपनीने ऐकलं. दुसरा भाग थांबला. पहिल्याची सुधारित प्रत तयार झाल्यावर केदारने ती परक्या गेम मास्टरच्या हाती दिली आणि स्वतः बाहेर जिन्यात जाऊन बसला. आत आरडाओरडा झाला तरी उठला नाही. अखेर हमाल सुटला.

पुस्तकासोबत लेखक घरपोच मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.